सोडला की सुटला

जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी
आमच्या लष्करातल्या घरी फुटबॉल होतो.
खेळाडू म्हणजे शेंगांची टरफलं,
गोलचे खांब ह्यांच्या औषधांच्या दोन बाटल्या,
चेंडू मी सोलत असलेल्या मटारातला एक दाणा.
करकरे, हरगोविंद कुशवाह, मफलरीत गुंडाळलेले राजवाडे
कॉलेज तोंडात धरून बसतात,
खडीसाखरेसारखं, न चावता.

कुशवाहांना आधी धुक्यातला गोल हवा.
धुकं इतकं की रेफ्रीने गोलकीपरलाच विचारलं,
गेला का आत?
आणि तो बिचारा खरं बोलला.
करकऱ्यांची लाडकी ती पेनल्टी,
कुत्र्याला लागून फिरलेली:
कुत्रं रागावून गोलमध्ये गेलं, चेंडू बाहेर.
यावर दरवर्षी तेवढंच हसतात. मोजलंय मी.

मग टरफलं नव्याने मांडली जातात
आणि आवाज जरा खाली येतात.
एकाहत्तरची फायनल. शेतकी विरुद्ध सायन्स.
शेवटची दोन मिनिटं,
किल्ल्याची सावली अर्ध्या मैदानावर.
उजवीकडून सुर्व्यांचा पास, जमिनीला घासत,
मध्ये सायन्सचा पागनीस, एकटा,
आणि त्याने चेंडूला पाय लावलाच नाही.
दोन पायांमधून गेला चेंडू.
मागून जगराम तोमर आला नि जाळं फाटलं.

'सोडला,' कुशवाह म्हणतात.
'सुटला,' म्हणतात आमचे हे.

शेतकीच्या गोलमध्ये हेच होते.
पागनिसाच्या पायावर झेपावलेले,
तोंडात माती, आणि चेंडू भलतीकडून आत.
सुटलेल्या चेंडूला कोण काय करणार?
नशीब म्हणायचं नि चहा प्यायचा.
सोडलेला असेल तर मात्र
पन्नास वर्षं झाली,
हे अजून त्याच बाजूला झेपावतायत.

पागनीस स्वतः एकदा आले होते भोपाळहून,
कानाला मशीन लावून.
तिघांनी तीनदा ओरडून विचारलं.
'गजक मुरैन्याची दिसतेय,' ते म्हणाले,
आणि अजून एक तुकडा घेतला.

मीही होते त्या दिवशी.
मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर, परवानगी नसताना,
वाळत घातलेल्या चादरींच्या आड,
मी आणि विमल तांबट.
गोल मी पाहिलाच नाही.
कडुलिंब होता मध्ये.
खांब, जाळं, त्यात उभा असलेला मुलगा,
सगळं त्या झाडात गेलेलं.
म्हणून मी उरलेलं पाहिलं.
पास पोचायच्या आधी
पागनिसाने मान वळवून मागे पाहिलं
आणि पाठीशी धरलेल्या हाताची दोन बोटं हलवली,
पंगतीत पोट भरलेला माणूस
वाढणाऱ्याला खुणावतो तशी:
मला नको, पुढच्याला.
मग झाड ओरडलं.
सगळे कावळे एकदम उडाले,
विमलने माझा दंड इतका आवळला
की वळ दोन दिवस राहिला.

चार वर्षांनी हे मला बघायला आले.
फुटबॉल खेळायचो, म्हणाले.
कुठे? मी विचारलं.
गोलमध्ये, म्हणाले, आणि बशीत बघत राहिले.
मला ते झाड आठवलं.

'तू होतीस ना गच्चीवर,' हे आता म्हणतात,
एक टरफल बोटांत धरून,
'सांग की यांना.'
कुशवाह चष्मा काढतात. राजवाडे मफलर सैल करतात.
कोणाचा तरी धक्का लागून
मटाराचा दाणा घरंगळतो,
बशीला वळसा घालून नीट माझ्याकडे येतो.

मी हात लावत नाही.

'मला कुठलं दिसायला,' म्हणते,
'कडुलिंब होता ना मध्ये.'
दाणा टेबलाच्या कडेवरून खाली जातो,
आणि फरशीवर पडल्याचा आवाज
फक्त मला येतो.